पाच तासांचं अंतर

1945 सालच्या 28 नोव्हेंबरला पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरानच्या किनाऱ्यासमोर समुद्राखालची जमीन फाटली. मकरान म्हणजे आजच्या पाकिस्तान-इराणचा अरबी समुद्राला लागून असलेला ओसाड पट्टा. भूकंपाची तीव्रता 8.1 होती. पसनी आणि ओरमारा या मच्छीमारांच्या गावांवर लगेचच लाटा आल्या. कराचीच्या बंदरात पहाटे साडेपाचच्या सुमारास पाणी वर-खाली होऊ लागलं. आणि सकाळी सव्वाआठच्या आसपास, दिवस चांगला उजाडल्यावर, मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटर उंचीची लाट चढली. वर्सोवा, जुहू, खारचा दांडा, हाजी अली. होड्यांचे नांगर तुटले, होड्या वाहून गेल्या. मुंबईत 15 माणसं गेली. हवामान खात्यातले सी. जी. पेंडसे यांनी या भूकंपाचं टिपण लिहिलं, ते पुढच्या काही वर्षांत प्रसिद्ध झालं. मुंबईतल्या सुनामीबद्दल आज जे काही सांगितलं जातं, ते बरंचसं त्या टिपणावर उभं आहे. मकरानच्या किनाऱ्यावर मेलेल्यांचा आकडा चार हजारांपर्यंत छापलेला सापडतो. नव्या अभ्यासकांना तो बराच फुगलेला वाटतो. मुंबईच्या पंधरांबद्दल मात्र फारसा वाद नाही.

या पंधरा जणांचा विचार करताना मनात एक हिशेब सुरू होतो. पसनीपासून मुंबई सरळ रेषेत साधारण 1,200 किलोमीटर. भूकंपाच्या पहिल्या लहरी खडकातून सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने धावतात, म्हणजे त्या अडीच-तीन मिनिटांत मुंबईला पोहोचल्या असणार. कुलाब्याच्या वेधशाळेत तेव्हाही भूकंपमापक होता. जमिनीने आपला निरोप तीन मिनिटांत दिला. पाणी यायला जवळजवळ पाच तास लागले. आणि त्या पाच तासांत वर्सोव्याच्या कोळीवाड्यात कोणाला काहीही कळलं नाही.

कराची आणि मुंबई तेव्हा एकाच सरकारच्या ताब्यात होत्या. 1936पर्यंत तर सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीच्या बंदरावर जे घडत होतं ते मुंबईच्या बंदराला कळवायला कोणत्याही परराष्ट्र खात्याची परवानगी लागली नसती. एक तार पुरे होती, आणि ती पाठवायला अडीच तास हाताशी होते. मकरान किनाऱ्याजवळची समुद्राखालची केबल त्या पहाटे तुटली होती हे खरं, पण कराची-मुंबई संपर्क तेवढ्या एका केबलवर अवलंबून नव्हता. अडचण अशी होती की कराचीत पाणी हललं तर मुंबईला सांगायचं असतं, हे कोणाच्या कामाच्या यादीतच नव्हतं.

आज कराची परदेशात आहे. व्यापार ठप्प, सीमा बंद, एकमेकांच्या विमानांना आकाशही बंद. आणि तरीही मकरानसमोर मोठा भूकंप झाला तर हैदराबादहून काही मिनिटांत निघणारा सुनामीचा इशारा हिंदी महासागराकाठच्या सगळ्या देशांच्या केंद्रांना जातो, त्यात कराचीतलं केंद्रही येतं. एक देश असताना जे जमलं नाही, ते वैर असताना जमलेलं आहे. ही गोष्ट कशी घडली आणि ती आपल्या दाराशी येऊन कुठे अडते, हे सांगण्यासाठी हा लेख.

हा लेख नाशिक रोडवरून लिहिला जातोय, याचं कोणाला नवल वाटेल. आम्ही समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच, सह्याद्रीच्या अलीकडे. इथे सुनामी येणार नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. पण दिवाळीची सुट्टी लागली की नाशिक रोड स्टेशनचा फलाट बघा. दिल्लीहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्स्प्रेस इथे थांबते, पुढे पनवेलवरून कोकण रेल्वेला लागते आणि रत्नागिरीत उतरवते. गणपतीपुळे, गुहागर, हर्णे, दिवेआगर. ज्यांना गाडीचं आरक्षण मिळत नाही ते कसारा घाटातून मोटारीने अलिबाग, केळवे, डहाणू गाठतात. फराळाचे डबे, लहान मुलं, आजी-आजोबा असा सगळा परिवार वाळूवर उतरतो. यातल्या बहुतेकांना पोहता येत नाही, भरती-ओहोटीचं वेळापत्रक ठाऊक नसतं, गावातला उंचावर जाणारा रस्ता कोणता हे माहीत नसतं. कोळ्याच्या पोराला समुद्राचं वागणं कळतं. आमच्या मुलांना ते कळत नाही. किनाऱ्यावरचा सर्वांत असुरक्षित माणूस हा बहुधा घाटावरून आलेला पाहुणा असतो. 26 डिसेंबर 2004ला तामिळनाडूत हेच दिसलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा तो रविवार. वेळांकण्णीच्या चर्चला लांबलांबून आलेले भाविक किनाऱ्यावर होते, आणि तिथे फार मोठी जीवितहानी झाली. कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारकावर शेकडो पर्यटक अडकले, त्यांना स्थानिक मच्छीमारांनी आपल्या होड्यांतून सोडवून आणलं.

शिवाय आमची नदीही त्याच समुद्राला मिळते. त्र्यंबकेश्वरी उगवलेली गोदावरी नाशिक रोडच्या दसक-पंचकच्या घाटावरून पुढे जाते आणि चौदाशेहून जास्त किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. 2004च्या लाटेने आंध्रच्या किनाऱ्यावरही शंभराहून जास्त माणसं नेली, त्यात गोदावरीच्या मुखाजवळचे जिल्हे होते.

आधी लाटेचं थोडं गणित सांगतो, कारण त्यावरच सगळं उभं आहे. सुनामीत समुद्राचा पृष्ठभागच नव्हे, तळापासून वरपर्यंतचं सगळं पाणी हलतं. म्हणून तिचा वेग वाऱ्यावर अवलंबून नसतो, पाण्याच्या खोलीवर असतो. 4,000 मीटर खोल समुद्रात ती ताशी 700 किलोमीटरने धावते, प्रवासी विमानाच्या जवळपास. तिथे तिची उंची हाताच्या लांबीइतकीही नसते, वरून जाणाऱ्या जहाजाला ती जाणवत नाही. पाणी उथळ झालं की वेग घटतो आणि मागचं पाणी पुढच्यावर चढत जातं. मुंबईसमोर हा उथळपणा फार दूरवर आहे. मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटर आत आहे आणि तिथेही खोली 75 मीटरांच्या आसपास. एवढ्या पाण्यात लाट ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास येते. मकरानपासून निघालेली लाट खोल अरबी समुद्र दीडएक तासात ओलांडते आणि मग मुंबईसमोरचा जवळपास तीनशे किलोमीटरचा उथळ पट्टा पार करायला तिला तीन तास लागतात. या पट्ट्यात तिची बरीच शक्तीही खर्ची पडते. निसर्गाने मुंबईला वेळ दिलेला आहे. निकोबारला तो दिलेला नाही. सुमात्राजवळचा भूकंप निकोबारला वीस-तीस मिनिटांत गाठतो.

पण या वेळेची दुसरी बाजू आहे. निकोबारच्या माणसाला पायाखालची जमीन हललेली कळते, तीच त्याची सूचना. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर बसलेल्या माणसाला मकरानचा भूकंप जाणवेलच असं नाही. त्याच्यासाठी इशारा माणसानेच द्यायला हवा. आणि दोन मीटरांची लाट ओहोटीला आली तर वाळूवर विरेल, उधाणाच्या भरतीवर स्वार होऊन आली तर खाडीतून गावात शिरेल. मुंबईची मोठी भरती पाच मीटरांच्या आसपास जाते. 1945ची दोन मीटर पाहून निर्धास्त राहणं म्हणूनच धोक्याचं आहे.

2004च्या डिसेंबरात जगाकडे सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा होती, पण ती दुसऱ्या महासागरासाठी. 1 एप्रिल 1946ला अल्यूशियन बेटांजवळच्या भूकंपाने हवाईत दीडशेहून जास्त माणसं मेली. त्यानंतर 1949मध्ये अमेरिकेने हवाईत केंद्र उभं केलं. 1960मध्ये चिलीत 9.5 तीव्रतेचा, आजवर मोजलेला सर्वांत मोठा भूकंप झाला. लाट जवळजवळ एका दिवसाने जपानला पोहोचली आणि तिथे शंभराहून जास्त माणसं गेली. एवढा वेळ मिळूनही. मग 1965मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय सागरविज्ञान आयोगाच्या छत्राखाली प्रशांत महासागराकाठचे देश एकत्र आले. त्या टेबलाला हिंदी महासागराची खुर्ची नव्हती. मोठ्या सुनामी तिथे होतात, इथे नाही, असा समज होता. मकरान 1945 कोणाच्या लक्षात नव्हतं.

26 डिसेंबरला भारतीय वेळेनुसार सकाळी 6 वाजून 28 मिनिटांनी सुमात्राच्या वायव्येला जमीन फाटायला लागली, आणि हे फाटणं आठ-दहा मिनिटं चाललं. उत्तरेकडे अंदमानपर्यंत सुमारे 1,300 किलोमीटर. हवाईच्या केंद्राने पंधरा मिनिटांत पहिलं बुलेटिन काढलं. त्यात तीव्रता 8.0 होती, आणि प्रशांत महासागराला धोका नाही असं म्हटलं होतं, जे बरोबरच होतं. खरी तीव्रता 9.1 निघाली. या मोजपट्टीवर 8.0 आणि 9.1 यांत ऊर्जेचा फरक चाळीस पटींहून जास्त असतो. पण खरी उणीव आकड्याची नव्हती. तासाभराने धोक्याची शंका आली तेव्हा कोणाला फोन करायचा, हेच तिथल्या माणसांना ठाऊक नव्हतं. हिंदी महासागराकाठच्या देशांत अशा निरोपासाठी नेमलेलं कार्यालयच नव्हतं. आपल्याकडे कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळाचा संपर्क तुटला, त्याआधी तिथून पाणी शिरल्याची खबर मुख्य भूमीला मिळाली होती. भूकंपाची माहिती देणारा एक सरकारी फॅक्स तेव्हा मंत्रिपदावर नसलेल्या माजी मंत्र्याकडे गेल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लोक सकाळी फिरायला आलेले होते. लाट तिथे भूकंपानंतर सुमारे अडीच तासांनी आली. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं मेली; भारतात दहा हजारांहून जास्त, आणि पाच हजारांहून जास्त बेपत्ता.

त्यानंतरचे महिने वाचण्यासारखे आहेत, कारण तेव्हा देशांनी जे केलं ते एरवी त्यांना दहा वर्षांत जमत नाही. जानेवारी 2005मध्ये जपानमध्ये कोबेला आपत्तीनिवारणाची जागतिक परिषद आधीच ठरलेली होती, तिचा सूरच बदलला. मार्चमध्ये पॅरिसला बैठक झाली. जूनमध्ये युनेस्कोच्या आयोगाने हिंदी महासागराच्या यंत्रणेची रीतसर स्थापना केली, आणि ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला पहिली सभा भरली. आपली केंद्रं उभी राहीपर्यंत हवाईचं केंद्र आणि जपानची हवामान संस्था यांनी हिंदी महासागराची राखण स्वतःकडे घेतली.

वाद झाले नाहीत असं नाही. एकच मोठं केंद्र असावं की प्रत्येकाचं वेगळं, आणि एकच असेल तर कोणाच्या देशात, यावर ओढाताण झाली. थायलंडला हवं होतं, इंडोनेशियाला हवं होतं, भारताला हवं होतं, ऑस्ट्रेलियाला हवं होतं. शेवटी एकमेकांना जोडलेल्या केंद्रांचं जाळं ठरलं, आणि मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. एका इमारतीतली वीज गेली, एका देशाचं सरकार रुसलं, तर सगळा महासागर अंधारात जाऊ नये. 2011च्या ऑक्टोबरपासून भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया ही तीन केंद्रं इतर देशांनाही इशारे देऊ लागली, आणि 31 मार्च 2013नंतर हवाई आणि जपानने आपली तात्पुरती जबाबदारी खाली ठेवली.

त्याहून नाजूक प्रश्न आकड्यांच्या देवाणघेवाणीचा होता. जो भूकंपमापक सुमात्राचा भूकंप टिपतो, तोच भूमिगत अणुस्फोटही टिपतो. कुठल्या देशाने कुठे काय केलं, हे त्याच्या रेघांतून वाचता येतं. पोखरणच्या 1998च्या चाचण्या तेव्हा ताज्या होत्या, आणि आपल्या भूकंपमापकांची कच्ची नोंद तत्क्षणी सगळ्या जगाला द्यायला भारताने सुरुवातीला हात आखडता घेतला. पुढे काही निवडक केंद्रांची नोंद खुली झाली. अणुचाचणीबंदी करारासाठी जगभर बसवलेल्या यंत्रांची नोंदही आज सुनामी केंद्रांना मिळते. शस्त्रांवर पहारा ठेवायला लावलेली यंत्रं मच्छीमारांच्या कामी येतात. भारताने त्या करारावर आजही सही केलेली नाही, तरी समुद्राच्या बाबतीत मध्यममार्ग सापडला.

भारताचं केंद्र हैदराबादला आहे, समुद्रापासून दूर, आमच्यासारखंच दख्खनच्या पठारावर. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ज्याला सगळे इन्कॉइस म्हणतात, ते 1999पासून मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागा आणि समुद्राची स्थिती कळवत होतं. तिथे 15 ऑक्टोबर 2007ला सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. या कामाची पायाभरणी झाली तेव्हा महासागर विकास खात्याचे सचिव होते हर्ष गुप्ता. हे नाव महाराष्ट्राला परकं नाही. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेला झालेल्या भूकंपावर आणि धरणाच्या पाण्याने चेतवल्या जाणाऱ्या भूकंपांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं; बी. के. रस्तोगी यांच्याबरोबरचं त्यांचं धरणं आणि भूकंप यांवरचं पुस्तक 1976चं आहे. कोयनेनंतर महाराष्ट्र जमिनीच्या हालचालीकडे कान लावून बसायला शिकला. नाशिकला दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, आमच्या गावात तिला नुसतं 'मेरी' म्हणतात. कळवण, पेठ, सुरगाण्याकडे जमीन थरथरली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'मेरीच्या भूकंपमापकावर नोंद' अशी ओळ येते. राज्यातल्या धरणांच्या परिसरातल्या भूकंपनोंदींचं काम तिथे चालतं. म्हणजे नाशिककर भूकंपाच्या नोंदीशी परिचित आहे. त्याला समुद्राशी जोडणारा धागा तेवढा कोणी दाखवलेला नाही.

हैदराबादच्या खोलीत होतं काय, ते थोडक्यात. भूकंप झाला की देशातल्या आणि जगभरच्या शेकडो केंद्रांच्या नोंदी आपोआप येऊन पडतात, जागा आणि तीव्रता ठरते. लाट कुठे किती वेळात पोहोचेल हे त्या क्षणी मोजत बसायला वेळ नसतो. म्हणून हजारो काल्पनिक भूकंपांची गणितं आधीच करून ठेवलेली आहेत. घडलेल्या भूकंपाशी जुळणारं गणित शोधायचं आणि किनाऱ्याच्या कुठल्या पट्ट्याला कोणती पातळी द्यायची ते ठरवायचं. सर्वांत वरची पातळी म्हणजे किनारा रिकामा करा, त्याखालची म्हणजे पाण्यापासून आणि वाळूवरून दूर व्हा, त्याखालची म्हणजे लक्ष ठेवा. पहिलं बुलेटिन दहा मिनिटांच्या आत निघायचं असतं.

पण प्रत्येक मोठ्या भूकंपातून लाट उठत नाही, आणि खोटा इशारा वारंवार दिला तर पुढच्या वेळी कोणी उठत नाही. खात्री करायला समुद्रात जावं लागतं. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात सुनामी बोया ठेवले आहेत. तळावर, तीन-चार किलोमीटर खोल, एक दाबमापक बसतो. त्याच्या डोक्यावरच्या पाण्याचं वजन तो सतत मोजत राहतो. एवढ्या खोल पाण्याची पातळी एखाद्या सेंटिमीटरने वाढली तरी त्याला कळतं. तो ध्वनिलहरींतून वर तरंगणाऱ्या बोयाला सांगतो, बोया उपग्रहाला, उपग्रह जमिनीला. ही यंत्रं सर्वांत जास्त बिघडतात ती माणसांमुळे. उघड्या समुद्रात तरंगत्या वस्तूच्या सावलीत मासे गोळा होतात, मच्छीमारांना ते ठाऊक असतं, ते बोयाला होडी बांधतात, जाळी त्यात अडकतात, कधी सौरपट्ट्या काढून नेल्या जातात. पोलिसी बंदोबस्त खोल समुद्रात करता येत नाही. त्यामुळे बंदराबंदरांतून मच्छीमारांना जाऊन सांगावं लागतं की हे यंत्र तुमच्याच घरासाठी आहे. हा प्रश्न सगळ्या महासागरांत आहे आणि सगळे देश तो एकमेकांच्या अनुभवावरून सोडवू पाहतात.

या सगळ्याची मोठी कसोटी 11 एप्रिल 2012ला झाली. दुपारी दोन वाजून आठ मिनिटांनी सुमात्राच्या पश्चिमेला 8.6 तीव्रतेचा भूकंप, आणि दोन तासांनी 8.2चा दुसरा. चेन्नईत लोक इमारतींतून रस्त्यावर आले. 2004च्या आठवणीने सगळा किनारा धास्तावला. आठ मिनिटांत हैदराबादचं पहिलं बुलेटिन निघालं होतं. या भूकंपात जमीन मुख्यतः आडवी सरकली, उभी उचलली गेली नाही, त्यामुळे लाटा किरकोळ आल्या. बोया आणि भरतीमापक यांनी ते दाखवलं आणि संध्याकाळी इशारे मागे घेतले गेले. लाट नाही हे काही तासांत खात्रीने सांगता येणं, हेही यंत्रणेचं यशच आहे. लाखो माणसांना रात्र रस्त्यावर काढावी लागली नाही.

आता पुन्हा मकरानकडे. हिंदी महासागराच्या यंत्रणेत वायव्य कोपऱ्यासाठी वेगळा कार्यगट आहे, त्यात भारत, पाकिस्तान, इराण, ओमान हे सगळे आहेत. ही यादी एकदा शांतपणे वाचावी. यातले किती देश एरवी एका टेबलाशी बसतात? पण या टेबलाशी ते बसतात, कारण मकरानची भेग त्या सगळ्यांच्या मधोमध आहे आणि तिचा अभ्यास एकट्याने होत नाही. भूकंप पाकिस्तान-इराणच्या जमिनीखाली, भरतीमापक ओमानच्या बंदरात, गणित हैदराबादला, माणसं मुंबईत. 24 सप्टेंबर 2013ला बलुचिस्तानात आत जमिनीवर 7.7चा भूकंप झाला. भूकंप जमिनीवरचा, तरीही ग्वादरसमोर समुद्रातून चिखलाचं बेट वर आलं आणि ओमानच्या किनाऱ्यावर छोटी सुनामी नोंदली गेली. समुद्राखालचा गाळ घसरला असावा, असा बहुतेकांचा कयास आहे. अशी लाट भूकंपाच्या जागेवरून आणि तीव्रतेवरून ओळखता येत नाही. ती ओळखायला शेजाऱ्याच्या बंदरातला भरतीमापक चालू असावा लागतो आणि त्याची नोंद आपल्याला दिसावी लागते. 1945च्या भूकंपाबद्दल युनेस्कोने 2015मध्ये एक पुस्तिका काढली, अरबी समुद्राकाठच्या वाचलेल्या वृद्धांच्या मुलाखतींची. पाणी कुठल्या झाडापर्यंत आलं, कोण कुठल्या टेकडीवर पळालं, हे त्यांनी सत्तर वर्षं लक्षात ठेवलं होतं. मुंबईच्या कोळीवाड्यांतून ही आठवण कोणी वेळेत गोळा केली असती तर फार बरं झालं असतं, असं वाटत राहतं.

हिंदी महासागराकाठचे देश दर दोनेक वर्षांनी मिळून सरावही करतात. 2014, 2016 आणि 2018च्या सरावांत मकरानचा काल्पनिक भूकंप होता. 2016च्या सरावात ओडिशात हजारो लोकांना खरोखर घराबाहेर काढून निवाऱ्यापर्यंत नेलं गेलं. कागदावरचा सराव आणि म्हातारीला पाठीवर घेऊन चाललेला सराव यांत फार फरक आहे. कोणता दरवाजा कुलूपबंद असतो, निवाऱ्याची किल्ली कोणाकडे, भोंगा कोणत्या वस्तीला ऐकू येत नाही, हे दुसऱ्यातच कळतं.

माझं म्हणणं इथून पुढे आहे. देशादेशांमधला भाग बराचसा सुटला. हैदराबादपासून मंत्रालयापर्यंतचा भागही सुटला. शेवटचे दोन किलोमीटर राहिलेत. पुद्दुचेरीजवळच्या नल्लवाडू या गावाची गोष्ट त्यासाठी सांगतो. 2004च्या सकाळी गावातला एक तरुण सिंगापुरात होता. त्याने टीव्हीवर बातमी पाहिली आणि घरी फोन केला. गावात एम. एस. स्वामिनाथन यांच्या संस्थेने चालवलेलं माहिती केंद्र होतं, तिथे ध्वनिक्षेपक होता, रोज समुद्राची स्थिती सांगायला वापरला जाणारा. त्याच ध्वनिक्षेपकावरून ओरडून सांगितलं गेलं आणि साडेतीन हजारांचं गाव वाचलं. त्या दिवशी हिंदी महासागरातली खरी आंतरराष्ट्रीय इशारा यंत्रणा म्हणजे एक फोन आणि एक कर्णा होती. कर्णा रोजच्या वापरातला होता, लोकांचा त्यावर विश्वास होता, म्हणून ते पळाले.

इंडोनेशियातलं सिमेलू बेट भूकंपाच्या अगदी जवळ होतं. 1907च्या लाटेची गोष्ट तिथे आजीने नातवाला सांगत जपली होती: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की डोंगर गाठ. सत्तर हजारांहून जास्त वस्तीच्या त्या बेटावर मेलेल्यांची संख्या एका हाताच्या बोटांहून थोडीच जास्त होती. थायलंडच्या फुकेतमध्ये टिली स्मिथ या दहा वर्षांच्या इंग्रज मुलीने समुद्राला आलेला विचित्र फेस पाहून आईबापांना सांगितलं की ही सुनामी आहे. दोन आठवड्यांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला ती हे शिकली होती. तो किनारा रिकामा झाला. ती मुलगी पाहुणी होती, समुद्राकाठची नव्हती. नाशिक रोडच्या शाळांतल्या भूगोलाच्या शिक्षकांनी ही गोष्ट सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात सांगावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

इशारा लोकांच्या अंगवळणी कसा पडतो, याचं उदाहरण शोधायला मला दूर जावं लागत नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हा आकडा नाशिकमध्ये फार थोड्यांना उमगतो. पण गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं म्हटलं की सराफ बाजारातला दुकानदार माल वर उचलतो. छातीला लागलं की शटर ओढतो. 2008च्या सप्टेंबरात आणि 2019च्या ऑगस्टमध्ये सगळं शहर त्या मूर्तीकडे बघत होतं. आकडा मोजण्याचं काम यंत्राने करावं, पण गावाला ओळखीची खूण लागते आणि त्या खुणेला काय करायचं ते आधीपासून ठरलेलं असावं लागतं. 2023मध्ये आपल्या सगळ्यांचे मोबाइल एकाच वेळी मोठ्याने वाजले होते, आपत्तीच्या इशाऱ्याची ती चाचणी होती. ती सोय उत्तम आहे. पण उद्या हर्ण्याच्या वाळूवर तो आवाज झाला आणि पडद्यावर सुनामीचा इशारा आला, तर नाशिक रोडच्या माणसाने कुठल्या दिशेला चालायचं?

कोकणाचं भाग्य असं की बऱ्याच गावांत हे उत्तर डोळ्यांसमोर असतं. गणपतीपुळे, हर्णे, वेळास इथे किनाऱ्याच्या मागे लगेच चढण आहे, वर जांभ्याचा सडा आहे. दहा-पंधरा मिनिटांची चाल. मोटार काढू नये, अरुंद रस्ता पहिल्या पाच मिनिटांत तुंबतो. खाडीच्या पुलावरून जाऊ नये, पाणी खाडीतूनच आत येतं. पहिली लाट गेली म्हणून परत फिरू नये. लाटा तासन्‌तास येत राहतात आणि पहिलीच मोठी असेल असं नसतं. अलिबाग, नागाव, केळवे, डहाणू अशा सपाट गावांत मात्र टेकडी जवळ नाही, तिथे पक्क्या इमारतीचा वरचा मजलाच आधार. कोणती इमारत, तिचा जिना खुला असतो का, हे गावाने आधी ठरवायचं.

हे ठरवून घेण्याची रीत युनेस्कोने घालून दिली आहे. गावाने धोक्याचा नकाशा करायचा, सुटकेचे रस्ते आणि फलक लावायचे, चोवीस तास इशारा स्वीकारण्याची सोय ठेवायची, शाळांतून शिकवायचं, नियमित सराव करायचा, आणि मग त्या गावाला सुनामीसाठी सज्ज अशी मान्यता मिळते. 2020च्या ऑगस्टमध्ये ओडिशातली वेंकटरायपूर आणि नोलियासाही ही हिंदी महासागराकाठची पहिली दोन गावं झाली. 2024च्या नोव्हेंबरात ओडिशातल्या आणखी 24 गावांना मान्यता मिळाली. ओडिशाने 1999च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गमावली होती, तेव्हापासून त्या राज्याने हा विषय सोडलेला नाही. महाराष्ट्राला पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सात किनारी जिल्हे आहेत. 3 जून 2020ला निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आलं तेव्हा प्रशासनाने हजारो लोकांना वेळेत हलवलं होतं आणि त्याच वादळाचा पाऊस त्या रात्री आम्ही नाशकात पाहिला. काम करता येतं हे तेव्हा दिसलं. वादळ चार दिवस आधी सांगून येतं, मकरानची लाट पाच तास आधी, एवढाच फरक धरून त्याच तलाठ्याने, त्याच सरपंचाने, त्याच पोलीस पाटलाने आता दुसरी यादी करायची आहे. सुरुवात वर्सोव्यापासून करावी, दांड्यापासून करावी. तिथली माणसं गेलेली आहेत.

संयुक्त राष्ट्रांनी 5 नोव्हेंबर हा सुनामी जागृतीचा दिवस ठरवला आहे. 1854मध्ये जपानच्या एका गावात हामागुची गोऱ्यो या माणसाने अंधारात गावकऱ्यांना टेकडीची वाट दिसावी म्हणून कापणी केलेल्या भाताच्या गंज्या पेटवून दिल्या, त्याची ती आठवण. आपल्याकडे तो दिवस दिवाळीच्या आगेमागे येतो, नेमका कोकणातली हॉटेलं भरलेली असताना. त्या आठवड्यात मंदिराच्या कर्ण्यावरून, एसटी स्टँडवरून, हॉटेलच्या खोलीत ठेवलेल्या कागदावर मराठीत तीन ओळी सांगितल्या जाव्यात: वर जाण्याचा रस्ता कुठला, जमायची जागा कुठली, आणि परत फिरण्याचा निरोप कोण देईल.